मागचं लॉक

दाजींना आम्ही दोघांनी धरून बाहेर आणलं, तर ते सवयीनं ड्रायव्हरच्या दाराकडं निघाले.

“दाजी, तिकडं नाही. डाव्या बाजूला.”

ते थांबले. आधी गाडीकडं, मग माझ्याकडं बघितलं. “आन् चालवनार कोन?”

“मी.”

“तू?” एवढं बोलायलासुद्धा त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. “अंगरूप येऊ दे की.”

“अंगरूप डोझर घेऊन वर खिंडीकडं गेलाय. त्याला परत यायला दोन तास. तुमचा ऑक्सिजन आहे तीन तासांचा. आपण आता निघालो तर तीन तासांत दवाखान्यात असू.”

त्यांच्यात वाद घालायची ताकद नव्हती. कॅम्पच्या स्वयंपाक्यानं आणि मी मिळून त्यांना डावीकडच्या सीटवर बसवलं, मांडीवर दोन रजया टाकल्या, सिलिंडर पायांत उभा केला. सकाळचे आठ वाजले होते. रात्रभर पडलेला बर्फ गुडघ्याएवढा साचला होता आणि अजून भुरभुरत होताच.

दाजी आणि मी, दोघंही माण तालुक्यातले. आमच्याकडं पावसाचीच बोंब, बर्फ बघितलेला तो फक्त लग्नात सरबताच्या ग्लासात. पोट माणसाला कुठंही नेतं. मी आयटीआय करून हिमाचलात, लाहौलमध्ये, रस्ता बांधणाऱ्या एका कंपनीच्या कॅम्पवर मेकॅनिक म्हणून लागलो. दोन वर्षांनी दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, तिथंच ड्रायव्हर म्हणून बोलावून घेतलं. आई-वडील लवकर गेल्यानं आक्कानंच मला वाढवलं होतं. दाजींनी लग्नात तिच्याबरोबर मलाही पदरात घेतलं, आणि त्याची आठवण मला कधी करून दिली नाही.

जालिंदर दाजी म्हणजे हाडाचे ड्रायव्हर. बावीस वर्षं गाडी चालवली, एकदाही साधा ओरखडा नाही. उसाचा ट्रक घाटातून नेणारा हा माणूस बर्फात आला आणि पहिला हिवाळाभर लाहौली अंगरूपच्या शेजारी बसून नुसता बघत राहिला. चौथ्या हिवाळ्यात अंगरूपच कुणालाही सांगायचा, “जालिंदर भाई के साथ जाओ, सो के जाओ.”

त्या जानेवारीत ते महिनाभराची सुट्टी संपवून गावाहून आले आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. तिथली उंची नवख्याला त्रास देते हे सगळ्यांना ठाऊक असतं. खाली राहून परत वर आलेल्या जुन्या माणसालाही ती तशीच धरते, हे मात्र जुनी माणसं विसरतात. तिसऱ्या दिवशी त्यांना खोकला लागला. चौथ्या रात्री छातीत चूळ भरल्यासारखा आवाज यायला लागला, आणि सकाळी ओठ निळे पडलेले. फुप्फुसात पाणी झालं होतं. त्याला औषध एकच, खाली उतरायचं. दवाखाना अडतीस किलोमीटर खाली, आणि अशा हवेत हेलिकॉप्टर येणार नव्हतं. दुसरे दोन्ही ड्रायव्हर सुट्टीवर होते. वायरलेसवर अंगरूप म्हणाला होता, “दो घंटा रुको उस्ताद, मैं चलाऊँगा.” मी थांबलो नाही.

दाजींचा जीव वाचवायची घाई होती, हे खरंच. पण सगळं खरं सांगायचं तर अजून थोडं सांगावं लागेल. मेकॅनिकनं पाना धरावा, स्टेअरिंग ड्रायव्हरनं धरावं, हे मी सहा वर्षं ऐकत आलो होतो. आणि त्या फोर-व्हील गाडीला पुढचं आणि मागचं लॉक मी स्वतः बसवलं होतं. तिचा एकेक बोल्ट मला माहीत होता, त्यामुळं तिच्यावर माझा हक्क आहे असं मला वाटायचं.

लॉक म्हणजे काय ते सांगतो. गाडी वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, म्हणून दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल असतं. ते दोघांना आपापल्या चालीनं फिरू देतं. पण बर्फात एक चाक घसरलं की इंजिनाची सगळी ताकद त्याच नालायक चाकाकडं जाते. ते जागेवर गरगर फिरतं आणि दुसरं गप उभं. लॉक लावलं की दोन्ही चाकं एका दांड्याला बांधल्यासारखी एकदमच फिरतात आणि गाडी खड्ड्यातून वर येते. वर्कशॉपमध्ये हे मी सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं. दाजी त्या बटणांना “भानूची जादू” म्हणायचे. वापरायचे ते फार थोडं.

“लॉक खड्ड्यापुरतं,” ते म्हणायचे. “खड्डा संपला की काढायचं.”

पहिले चार किलोमीटर बरे गेले. बर्फात चाकांना घालायच्या चेनचा एकच जोड धड होता, तो पुढच्या चाकांना चढवला होता. पाचव्या किलोमीटरला वाऱ्यानं रस्त्यावर बर्फाचा बांध घातला होता. गाडी त्यात घुसली आणि बसली. मी दोन्ही लॉक लावली, डॅशबोर्डवर दोन पिवळे दिवे लागले, आणि गाडी गुरगुरत पलीकडं निघाली. मला इतका आनंद झाला की मी दाजींकडं बघून हसलो.

“आता काढ,” ते मास्कच्या आतून म्हणाले.

मी बटणं बंद केली. पुढचा दिवा विझला, मागचा तसाच राहिला. बटण बंद केलं तरी आतल्या दात्यांवर ताण असला की लॉक सुटत नाही, हे मला पाठ होतं.

“वीतभर मागं घे. सुटंल.”

“पुढं गेल्यावर सुटेल की आपोआप. कशाला वेळ घालवायचा?”

पुढं गेल्यावर सुटलं. माझं खरं ठरलं म्हणून मी मनात खूश.

त्यानंतर बांधावर बांध लागले. लावा, काढा, मागं घ्या, पुन्हा लावा. तिसऱ्या बांधानंतर मी पुढचं लॉक काढलं आणि मागचं तसंच ठेवलं. सरळ रस्त्यावर काही बिघडत नव्हतं. सिलिंडरचा काटा पाहत होतो, तो निम्म्याच्या जरा वर होता. नऊ वाजून गेले होते आणि आम्ही जेमतेम अकरा किलोमीटर आलो होतो.

मग ते वळण आलं. वरच्या नाल्यातून बर्फ घसरून रस्त्यावर आला होता आणि रस्ता राहिलाच नव्हता. डोंगरापासून दरीपर्यंत एकच तिरकी उतरण, घराच्या पत्र्यासारखी. लांबी असेल साठ-सत्तर पावलं. अशा जागी तिथली एक रीत आहे. ड्रायव्हर सोडून सगळे उतरतात आणि चालत पलीकडं जातात, ड्रायव्हर पट्टा सोडतो, दार किलकिलं ठेवतो आणि एकटा गाडी काढतो.

दाजींनी दाराच्या कडीला हात घातला.

“तुम्ही कुठं निघाला?”

“उतरतो. रीत हाय.”

“दहा पावलं चालवणार नाही तुम्हाला. बसा.”

त्यांनी हात काढला. समोर बघत राहिले. मग त्यांनी मास्क बाजूला केला, कारण त्यांना नीट बोलायचं होतं.

“भानू, मागचं लॉक काढ.”

“दाजी, लॉक काढलं तर मधेच बसेल गाडी.”

“बसू दे. बसली तर खनून काढू.” खोकला आला. रुमालावर गुलाबी फेस उमटला. “तिरक्यात लॉक नगं. दोनी चाकं घसरली तर ढुंगन खाली जातं. एक चाक तरी मोकळं पायजे, त्ये धरून ऱ्हातं.”

“मास्क लावा आधी.”

“काढतूस का?”

“दाजी, हे लॉक मी बसवलंय. मला कळतं.”

हे वाक्य मी रोज ऐकतो. कुणी म्हणत नाही, मलाच ऐकू येतं.

त्यांनी मास्क लावला. माझ्याशी भांडायला श्वास लागतो, आणि तो त्यांच्याकडं मोजका होता. मी गाडी पहिल्यात घातली.

निम्मं अंतर गाडी सुरेख गेली. मग डावीकडच्या मागच्या चाकाखाली काहीतरी कडक लागलं, मी जराशी जास्त रेस दिली आणि मागची दोन्ही चाकं एकदम सुटली. मोठा आवाज नाही, झटका नाही. गाडीचं बूड शांतपणे दरीकडं निघालं. मी स्टेअरिंग फिरवलं, ब्रेक दाबला, मी काय काय केलं ते मलाही सांगता येणार नाही. खालून दगडी बांधाचा कठडा लागला तेव्हा गाडी थांबली. मागचं डावं चाक कठड्याच्या पलीकडं हवेत लटकत होतं आणि दाजींच्या काचेतून खाली नुसती पांढरी दरी दिसत होती.

“इंजान बंद करू नगं,” दाजी म्हणाले. “हीटर ऱ्हाऊ दे.”

वायरलेसवर कॅम्प लागला. स्वयंपाक्यानं निरोप वर पोचवला. पाच मिनिटांनी उत्तर आलं की अंगरूप निघाला, पण वाटेत मधे पुन्हा बर्फ आलाय, डोझरला तीन-चार तास लागतील. साडेनऊ वाजले होते.

मी माझ्या बाजूनं उतरलो आणि फावड्यानं खणायला लागलो. खणलेलं वरून पुन्हा भरत होतं. एकदा गाडी बोटभर हलली, तेव्हा आतून दाजींनी काचेवर टकटक केली. मी आत गेलो.

“बस गप. हलवू नगं.”

“मी चालत जातो खाली. कुणाला तरी आणतो.”

“सत्तावीस किलोमीटर? जाशील आन् वाटंतच बसशील.”

मी बसलो. दुसरं करण्यासारखं खरंच काही नव्हतं. अर्ध्या तासानं उतरायचं, सायलेन्सरपुढचा बर्फ काढायचा आणि परत येऊन बसायचं. काटा बघायचा. मी हवा कमी केली तर ती जास्त वेळ पुरेल म्हणून चावी थोडी आवळली. त्यांचे ओठ काळे पडायला लागले, तशी परत सोडली. बारा वाजायच्या आत काटा शून्यावर गेला. मी तरी सिलिंडर हलवून बघितला. इतकं वेड्यासारखं मी आयुष्यात दुसरं काही केलं नाही.

“दाजी, माझं चुकलं.”

“व्हय.”

त्यांनी नाही म्हटलं नाही, ह्याचं मला तेव्हाही बरं वाटलं होतं.

बराच वेळ ते डोळे मिटून होते. छातीतला आवाज हीटरच्या आवाजाच्या वर येत होता. मग त्यांनी माझी बाही धरली.

“कलाला काय सांगशील?” कला म्हणजे आक्का.

“असं बोलू नका.”

“ऐक. गाडी मी चालवत हुतो म्हन.”

“का?”

“तू चालवत हुतास म्हनलास तर ती तुझं तोंड बघनार न्हाई. मला ठावं हाय ती.” थांबले. श्वास घेतला, तो पुरला नाही, पुन्हा घेतला. “तिला तू सोडून म्हायेर न्हाई. मीबी नसनार. मग तिनं जायाचं कुनाकडं?”

“दाजी, मी असं नाही सांगणार.”

“सांग. घसरली म्हन. घसरती गाडी कवाकवा. काय हुतंय?”

काय होणार होतं ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. बावीस वर्षांत एक ओरखडा नसलेला माणूस स्वतःचं नाव मला देऊन टाकत होता. मी रडत होतो. रडता रडता ‘बरं’ म्हणालो.

त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत. एकदा पोरीचं नाव घेतलं. एकदा म्हणाले, “उकडतंय, काच खाली कर,” आणि मी केली नाही, तर रागावले. दीडच्या सुमाराला छातीतला आवाज थांबला. मला वाटलं, आराम पडला.

अंगरूप सव्वादोनला आला. त्यानं डोझरला दोर बांधला आणि गाडी वर ओढून घेतली, दहा मिनिटांचं काम. मग आला, दाजींच्या गालाला हात लावून बघितला आणि टोपी काढली. डॅशबोर्डवर मागच्या लॉकचा पिवळा दिवा अजून लागलेलाच होता. अंगरूपनं तो बघितला. माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या सीटवर बसून त्यानं बटण बंद केलं आणि गाडी वीतभर मागं घेतली. दिवा विझला. त्याबद्दल तो मला कधीही एक शब्द बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी मी दाजींना घेऊन गावी पोचलो. अंगण माणसांनी भरलेलं होतं. आक्काचा आवाज रडून बसला होता. तिनं मला जवळ घेतलं, माझ्या तोंडावरनं हात फिरवला, मी धड आहे ना ते बघितलं. आणि विचारलं, “गाडी कोन चालवत हुतं?”

सगळं अंगण ऐकत होतं.

“दाजी,” मी म्हणालो.

“आजारी मानूस? आन् मग तू काय करत हुतास?”

ह्या प्रश्नाचं उत्तर दाजींनी मला दिलेलं नव्हतं. त्यांना श्वास पुरला असता तर तेही सांगून गेले असते. आक्काच्या डोळ्यांत काहीतरी बदलायला लागलेलं मी बघितलं. मी घाबरलो.

“मी लई सांगितलं, आक्का. त्यांनी ऐकलं नाही.”

एवढं खोटं माझं एकट्याचं. पहिलं त्यांनी मला दिलं होतं, हे मी स्वतः केलं, आणि एका दमात केलं. आक्का खाली बसली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, “ऐकायचंच न्हाईत कुनाचं.” पुढं वर्षभर ती हेच म्हणत राहिली, आणि मग गावही म्हणायला लागलं. ज्या माणसानं पहिला हिवाळाभर अंगरूपच्या शेजारी गप बसून नुसतं ऐकून घेतलं, तो हट्टी ठरला. पारावर त्यांचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतंच, ड्रायव्हर चांगला, पण शेवटी गर्व नडला.

मी ती नोकरी सोडली. म्हसवडला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज टाकलं. आक्काकडं आठवड्याला जातो. दाजी म्हणाले होते तसंच झालं, तिचं माहेर शाबूत राहिलं. सांगून टाकायचं म्हणून मी किती वेळा तिच्या उंबऱ्यावर गेलो ते आता मोजतही नाही. ती चहा ठेवते, माझ्या पोरांची चौकशी करते, आणि मी चहा पिऊन उठतो.

यंदाच्या श्राद्धाला तिच्या पोरीचा नवरा पहिल्यांदाच आला होता. पोरगा ट्रकवर आहे, अंगानं दणकट आणि बोलायला साधा. जेवता जेवता म्हणाला, “आमच्या लाइनीतली जुनी माणसं अजून नाव काढतात सासऱ्यांचं. म्हणतात, तसा हात परत झाला नाही.”

आक्का वाढत होती. ती थांबली.

“कसला हात? एवढं छातीत पानी झालेलं, तरी स्टेरिंग सोडवंना. आपुन तर गेलंच, पर माज्या भावालाबी संगट घिऊन चाललं हुतं. त्यो वाचला ही देवाची किरपा.” तिनं डोळ्यांना पदर लावला. “इचारा त्यालाच.”

जावई माझ्याकडं बघायला लागला. “काय मामा? खरं?”

आक्कानं माझ्या पानात खीर वाढली. माझी वाटी भरलेलीच होती, तरी वाढली.

“ऐकायचे नाहीत कुणाचं,” मी म्हणालो.